फुकट दिलेल्या यंत्राची किंमत

म्हैसूरच्या चंदनतेलाची गोष्ट सगळे सुगंधाची म्हणून सांगतात. खरं तर ती युद्धाची आणि औषधाची गोष्ट आहे. १९१४ पर्यंत म्हैसूर संस्थानातलं चंदनाचं लाकूड लिलावात विकलं जाई आणि त्यातलं बरंचसं जर्मनीला जाई. तेल तिकडे निघे. महायुद्ध सुरू झालं, वाट बंद झाली, ओंडके पडून राहिले. विश्वेश्वरय्या तेव्हा दिवाण होते. तेल आपणच काढायचं ठरलं. १९१६ मध्ये आधी बंगळूरला आणि मग लगोलग म्हैसूरला कारखाना निघाला. तेल घेणार कोण? अत्तरवाले होतेच. पण त्या काळी चंदनतेल हे ब्रिटिश औषधकोशातलं परम्याचं औषधही होतं, आणि लाखो तरुण पुरुष घरापासून दूर छावण्यांत राहत असताना परम्याच्या औषधाला गिऱ्हाईक कमी पडत नाही. साबण नंतर आला. आज मानंदवाडी रस्त्यावर त्या कारखान्याजवळून जाताना पाहुणे खोल श्वास घेतात. मीही घेते.

मी या शहरात वीसेक वर्षं वैद्यकीय उपकरणांविषयी लिहिण्याचं काम करते. रुग्णाच्या उशाशी असलेल्या मॉनिटरबरोबर जे माहितीपुस्तक येतं, ते कुणीतरी लिहिलेलं असतं. त्या कुणीतरींपैकी मी एक. बाहेरच्यांना म्हैसूर म्हणजे राजवाडा, दसरा आणि मैसूरपाक. हेब्बाळ, कूर्गळ्ळी, मेटगळ्ळीच्या औद्योगिक वसाहतींत काय बनतं हे २०२० पर्यंत फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्या वर्षी मात्र माहीत झालं. इथल्या स्कॅनरे टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या आराखड्यावरून भारत इलेक्ट्रॉनिक्सने ३०,००० व्हेंटिलेटर बनवले. विश्वप्रसाद अल्वांनी २००७ साली सुरू केलेली ही कंपनी. पुढे २०१२ मध्ये तिने एल अँड टीचा वैद्यकीय उपकरणांचा विभाग विकत घेतला होता. मी त्या कंपनीत नव्हते, आजही नाही. पण त्या उन्हाळ्यात आमच्या वसाहतीतल्या प्रत्येक शेडमध्ये काही ना काही चाललेलं होतं आणि मराठी वर्तमानपत्रांचा लाडका शब्द, 'युद्धपातळीवर', मला पहिल्यांदा पटला.

खरं युद्ध आमच्या कंपनीत आलं ते नंतर, ईमेलमधून. एका युद्धग्रस्त देशातल्या दोन रुग्णालयांना काही मॉनिटर आणि हलवता येण्याजोगी एक्स-रे यंत्रं फुकट पाठवायचं ठरलं. देशाचं नाव लिहिलं तर कंपनी कळेल, म्हणून दोन्ही सोडून देते. मला बोलावलं होतं कारण या कामावर चार पानी मजकूर लिहायचा होता, फोटोंसकट. बैठकीत मार्केटिंगचा तरुण मुलगा बोलत होता, मालक ऐकत होते, आणि हिशेब खात्याचे साहेब गप्प होते. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला: "हे कुठल्या खात्यात टाकायचं?"

सगळ्यांना वाटलं, सोपं आहे, सीएसआरमध्ये. साहेबांनी मान हलवली. नाही म्हणाले.

त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर स्वतः वाचून पाहिलं. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५. ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर आहे, किंवा उलाढाल १,००० कोटींची, किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटींची, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. ते कुठल्या कामांवर, याची यादी अनुसूची सातमध्ये आहे; सैनिकांच्या विधवा आणि कुटुंबीयही त्या यादीत आहेत. पण २०२१ मध्ये नियम बदलले तेव्हा दोन गोष्टी स्वच्छ शब्दांत वगळल्या गेल्या. देशाबाहेर केलेलं काम चालणार नाही. अपवाद फक्त आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. आणि आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून प्रायोजक बनून केलेलं काम चालणार नाही.

म्हणजे कारगिलमध्ये पाय गमावलेल्या जवानाच्या कुटुंबासाठी केलेला खर्च समाजकार्य. सीमेपलीकडच्या कुठल्याही युद्धातल्या पोरासाठी केलेला खर्च, कायद्याच्या दृष्टीने, धंदा. मला हे आधी कोतं वाटलं. मग वाटलं, कायद्याने निदान खोटं बोलायची सोय ठेवलेली नाही. साहेबांनी तो खर्च विक्रीवाढीच्या खात्यात टाकला. त्या दिवसापासून आमच्या कंपनीत या यंत्रांना कुणी 'दान' म्हटलं की ते चष्म्यावरून बघायचे.

विक्रीवाढ म्हणजे नेमकं काय, हे मला त्या चार पानांसाठी समजून घ्यावं लागलं. कुठल्याही देशाच्या आरोग्यखात्याची निविदा उघडून बघा. यंत्र किती रुग्णालयांत चालू आहे, कुठल्या देशांत, किती वर्षं, हे विचारलेलं असतं. ज्या छोट्या कंपनीचं यंत्र परदेशात कुठेच नाही, तिला परदेशात पहिलं गिऱ्हाईक मिळत नाही, आणि पहिलं गिऱ्हाईक नाही म्हणून दुसरं मिळत नाही. फुकट दिलेलं यंत्र ही गाठ सोडवतं. शिवाय युद्धभूमी म्हणजे अशी परीक्षा, जी कुठल्या प्रयोगशाळेत घेता येत नाही. वीज येते-जाते, धूळ आहे, थंडी आहे, चालवणारा माणूस प्रशिक्षित असेलच असं नाही. तिथे जे टिकलं ते आपल्याकडच्या तालुक्याच्या दवाखान्यात टिकेल. आणि जिथून मदत येते तिथूनच पुढे खरेदी येते. युद्ध थांबलं की उभारणी सुरू होते, त्या उभारणीला पैसे देणाऱ्या संस्था असतात, आणि तिथल्या डॉक्टरांची बोटं तोवर तुमच्या बटणांना सरावलेली असतात.

मार्केटिंगच्या मुलाने हे सगळं एका पानावर लिहून आणलं होतं. मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण मी मिरजेची आहे.

मिरज हे वैद्यकीच्या धंद्यावर जगणारं गाव आहे, आणि तो धंदा सुरू झाला धर्मादायातून. विल्यम वॉन्लेस हे मिशनरी डॉक्टर तिथे आले, १८९४ मध्ये त्यांचा दवाखाना उभा राहिला. कर्नाटकातून, कोकणातून बैलगाड्यांनी आणि पुढे रेल्वेने माणसं येत राहिली. दवाखान्याभोवती आधी खाणावळी आल्या, मग लॉज, औषधांची दुकानं, मग मिशनमध्ये शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांची इस्पितळं. वॉन्लेससाहेबांनी हे ठरवून केलं नव्हतं. पण आज त्या गावात हजारो घरं चालतात ती त्या एका फुकट पट्टीच्या पायी.

माझ्या मामाचं तिथे सर्जिकल सामानाचं दुकान होतं. एक्स-रे फिल्म, केमिकल, पट्ट्या, कातड्याचे पट्टे. त्याने एकदा जत तालुक्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्याला जुनं एक्स-रे यंत्र दुरुस्त करून दिलं, एक पैसा न घेता. त्याचा सत्कार झाला, नारळ मिळाला, शाल मिळाली. मी तेव्हा कॉलेजात होते, मला फार अभिमान वाटला. मामी हसली. म्हणाली, "यंत्र फुकट आहे गं, फिल्म नाही." पुढची अकरा वर्षं तो दवाखाना फिल्म मामाकडून घेत होता. मामाला हे विचारलं तर तो चिडला नाही. "मग? ते दुसऱ्याकडून घेतले असते तर चाललं असतं? दर महिन्याला जीपमधून जात होतो की. बिघडलं तर दुरुस्त कोण करत होतं?"

या प्रश्नाचं उत्तर मला आजही देता येत नाही. फिल्म घ्यायची होती म्हणून जीप जात होती, आणि जीप जात होती म्हणून यंत्र चालू होतं.

मोठ्या जगात हीच गोष्ट मोठ्या आकड्यांत आहे. पहिल्या महायुद्धात कापूस कमी पडला तेव्हा अमेरिकेतल्या किंबर्ली-क्लार्क या कागद कंपनीने लाकडाच्या लगद्यापासून बनवलेलं, पाणी शोषणारं एक पट्टीचं साहित्य सैन्याला आणि रेड क्रॉसला पुरवलं. नफा न घेता, बनवायच्या खर्चात, असं तिचा इतिहास सांगतो. युद्ध संपलं, मागणी थांबली, माल उरला. आघाडीवरच्या परिचारिकांनी तोपर्यंत त्या पट्ट्यांचा एक वेगळाच उपयोग शोधून काढला होता. १९२० मध्ये कोटेक्स बाजारात आलं. मला ही गोष्ट आवडते, कारण तिच्यातला खरा शोध ना कंपनीचा आहे ना सैन्याचा. त्या बायकांचा आहे, आणि त्यांना त्यातलं काही मिळालं नाही.

दुसरी गोष्ट आवडणारी नाही, पण टाळता येत नाही. १९१९ मध्ये ओटो बॉक नावाच्या जर्मन कारागिराने बर्लिनमध्ये कृत्रिम पाय बनवायचा कारखाना काढला. युद्धातून परतलेले हजारो लंगडे तरुण होते, एकेकासाठी एकेक पाय घडवत बसणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने सुटे भाग एका मापाने बनवायला सुरुवात केली. तीच ओटोबॉक कंपनी आज या व्यवसायातली जगातली एक सर्वांत मोठी कंपनी आहे. युक्रेनमध्ये ती पाय पुरवते, तिथल्या तंत्रज्ञांना शिकवते. २०२३ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं की त्या युद्धात हातपाय गमावलेल्यांची संख्या ५०,०००च्या घरात असावी. हा अंदाज या कंपनीचा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचे शेअर फ्रँकफर्टच्या बाजारात आले.

मी ते आकड्याचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. सरकारं आपले जखमी लपवतात. ते मोजायची गरज कुणाला असते? ज्याला पाय बनवायचे असतात त्याला. गिऱ्हाईक मोजणारा आणि जखमी मोजणारा इथे एकच माणूस आहे, आणि त्याने मोजलं नसतं तर आपल्याला कळलं नसतं. यात वाईट काय, असं कुणी विचारलं तर मी बोट ठेवू शकणार नाही. पण जेवताना ते वाक्य आठवलं की घास फिरतो.

दुसऱ्या बाजूला जयपूर फूट आहे. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी साठच्या दशकाच्या शेवटी तो बनवला, त्याचं पेटंट घेतलं नाही, आणि १९७५ पासून डी. आर. मेहतांच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो फुकट बसवायला सुरुवात केली. अफगाणिस्तानात, कंबोडियात भूसुरुंगांनी पाय गेलेले लोक त्या पायावर शेतात गेले, उकिडवे बसले. त्यात कुणी श्रीमंत झालं नाही. हे उदाहरण दिलं की सगळ्यांच्या माना डोलतात आणि विषय संपतो. तो संपू नये. तो पाय रबर, लाकूड आणि लोकांच्या देणग्यांवर चालतो. मॉनिटरच्या आत जी चकती आहे ती देणग्यांवर बनत नाही. तिच्यासाठी कारखाना लागतो, कारखान्याला बाजार लागतो. प्रत्येक गोष्टीचं जयपूर फूट होऊ शकत नाही, हे मला वसाहतीत वीस वर्षं काढल्यावर पक्कं ठाऊक आहे.

आणि फुकट घेणाऱ्यानेही कधी नाही म्हणावं लागतं. २०१६ मध्ये फायझरने न्यूमोनियाच्या लशीचे दहा लाख डोस देऊ केले तेव्हा डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या संस्थेने ते नाकारले. लहान मुलांसाठीची लस, आणि नाकारली! संस्थेचं म्हणणं असं होतं की आम्हाला दान नको, परवडणारा भाव हवा. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, भाव सगळ्यांना मिळतो. पुढच्याच महिन्यात कंपनीने संकटग्रस्त भागांसाठी किंमत उतरवली. त्या मधल्या दिवसांत संस्थेतल्या कुणाला झोप लागली असेल का, हा माझा प्रश्न वेगळा.

आमच्या चार पानांकडे परत येते. फोटो आले. त्यातला एक पाहून मार्केटिंगचा मुलगा उठून उभाच राहिला: सात-आठ वर्षांची मुलगी, डोक्याला पट्टी, डोळे थेट कॅमेऱ्यात, आणि मागे आमचा मॉनिटर, कंपनीचं नाव स्वच्छ दिसणारं. खरोखर चांगला फोटो होता. मी विचारलं, हिच्या घरच्यांना विचारलंय का? कुणाला माहीत नव्हतं. घरचे आहेत का, हेही कुणाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, भारतातल्या रुग्णाचा चेहरा आपण संमतीपत्राशिवाय छापत नाही, ते माझ्याकडून तपासून घेता. हिच्यासाठी नियम वेगळा का? मुलगा म्हणाला, "मॅडम, तिचं भलंच झालंय ना." त्याला तसं खरंच वाटत होतं. दुष्ट नव्हता तो. मंड्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, पहिलीच नोकरी.

मालकांनी फोटो काढून टाकला. माझ्या म्हणण्यामुळे नव्हे. उद्या युरोपातल्या गिऱ्हाईकाने संमतीपत्र मागितलं तर काय दाखवणार, असं हिशेबाच्या साहेबांनी विचारलं म्हणून.

त्यावरून मी धडा घेतला म्हणा, किंवा मामाकडूनच तो आधी घेतलेला होता. माझी खरी काळजी फोटोची नव्हती. पाठवायच्या सामानाची यादी मी वाचली होती: यंत्रं, केबल, माझं माहितीपुस्तक. ईसीजीचे इलेक्ट्रोड दोन पाकिटं. बोटाला लावायचा ऑक्सिजनचा सेन्सर प्रत्येक यंत्रामागे एक. बॅटरी जी आत असते तेवढीच. आमच्या सर्व्हिसच्या माणसाला विचारलं, हे किती दिवस चालेल? तो हसला. "अक्का, आपल्या केआर हॉस्पिटलात असा सेन्सर सहा महिने टिकला तर आम्ही पेढे वाटतो." जागतिक आरोग्य संघटनेच्या एका पुस्तिकेत लिहिलं आहे की काही देशांत दान आलेल्या उपकरणांपैकी फक्त १० ते ३० टक्केच कधी चालू होतात. बाकीची बोळात उभी असतात. लांब जायला नको. मे २०२१ मध्ये केंद्राकडून मराठवाड्याला आलेल्या व्हेंटिलेटरांचा प्रश्न औरंगाबाद खंडपीठापुढे गेला होता. रुग्णालय म्हणत होतं यंत्रं सदोष आहेत, केंद्र म्हणत होतं चालवणाऱ्यांना शिकवलेलं नाही. ती यंत्रं म्हैसूरची नव्हती. पण इथे प्रत्येक शेडमध्ये ती बातमी वाचली गेली.

मी मालकांकडे गेले तेव्हा भूतदयेबद्दल एक शब्द बोलले नाही. म्हटलं, तुम्ही हा खर्च विक्रीवाढीत टाकलाय. दोन वर्षांनी कुठल्या देशाचं आरोग्यखातं तिकडे फोन करून विचारेल, यांचं यंत्र कसं आहे? तेव्हा सेन्सर नाही म्हणून ते बंद असेल, आणि तिथला डॉक्टर म्हणेल, बंद आहे. मग आपण पैसे देऊन स्वतःची बदनामी विकत घेतली असं होईल. त्यापेक्षा दोन वर्षांचे सेन्सर, इलेक्ट्रोड, जादा बॅटऱ्या आत्ताच पाठवा, आणि आपला एक माणूस त्यांच्या तंत्रज्ञाला आठवड्यातून एकदा व्हिडिओवर भेटू दे. मालकांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी गणकयंत्र पुढे ओढलं. बराच वेळ बोटं चालली.

"दीड वर्षाचं देऊ," ते म्हणाले.

दीड वर्षाचं सामान गेलं. दर गुरुवारी आमचा सर्व्हिसवाला त्या तंत्रज्ञाशी बोलतो. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे त्यांचं चांगलं जमतं. तिथे वीज गेली की विजेरीच्या उजेडात पुस्तक वाचावं लागतं, अक्षर मोठं करा, असा निरोप त्याच्याकडून आला. बॅटरीचं प्रकरण मी मोठ्या टाइपात पुन्हा लावून पाठवलं. त्या दोन रुग्णालयांचा दाखला जोडून आमच्या कंपनीने दुसऱ्याच एका देशाची निविदा भरली आणि ती मिळालीही. त्या शुक्रवारी कँटीनमध्ये सगळ्यांना मैसूरपाक होता. मीही दोन वड्या खाल्ल्या.

दीड वर्ष येत्या श्रावणात संपतंय. सेन्सरची पुढची खेप विकत घ्यायला त्या रुग्णालयाकडे पैसे नाहीत, असं गुरुवारच्या बोलण्यातून कळलंय. साहेबांना मी भाव विचारलाय, बनवायच्या खर्चाचा. त्यांनी अजून आकडा दिलेला नाही.